डाव्या हाताची गाठ

दुपारचं जेवण झालं आहे. मी खाटेवर आडवी आहे आणि माझ्या छातीवर लंकेचा नकाशा आहे. माझी नात अक्षता तो ठेवून गेली आहे.

"आजी, पाच वाजता सहलवाल्याचा फोन येईल. जायचं की नाही, तेवढं ठरव. तू नाही म्हणालीस तर मीही जात नाही."

"आणि गेलो तर आधी कुठं?"

"आधी गॉल. कोलंबोला उतरायचं, समुद्राच्या कडेनं खाली जायचं, मग सगळं बेट फिरून पुन्हा कोलंबो."

नकाशावर तिने माझ्यासाठी पेन्सिलीने मराठीत गावांची नावं लिहिली आहेत. साठी उलटल्यावर मी अक्षरं शिकले, म्हणून अजून बोट धरून वाचते. बेट कुंकवाच्या कुयरीसारखं दिसतं, वर निमुळतं, खाली फुगीर. मी बोट गॉलवर ठेवते. ग, काना, त्यावर चंद्र, मग ल. बोट जड होतं. वर पंखा खर्र खर्र करतो. खर्र खर्र. पंखा असा कधी वाजत नाही. असा आवाज चाळणीचा असतो.

"आगं, उताणी काय पडलीयास मढ्यागत? ऊठ, चाळण धर."

द्वारकावन्सं बोलत आहेत. माझ्या नवऱ्याची बहीण. आम्ही तंबाखूच्या वखारीत समोरासमोर बसलो आहोत, नाकावर पदर घेऊन, जशा निपाणीत सगळी हयात बसलो तशा. वन्सं गेल्या श्रावणात वारल्या. हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असावं, कारण त्या माझ्या डोळ्यांत बघत नाहीत.

"वन्सं, तुमी कशा आलासा?"

"लंकंला जायचं हाय न्हवं? का माझ्याबिगर चाललीस?"

लंकेचं आम्ही इथेच ठरवलं होतं, याच फरशीवर. मुकादम ओरडला होता, बायांनो, किती बोलता, लंकेपर्यंत ऐकू जातंय! त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, मग एकदा जाऊन बघू या की, जातंय का. तेव्हापासून अंगावर नवं लुगडं आलं की म्हणायच्या, हे लंकेला नेसायचं. सगळी फाटली, लंका राहिली.

"पदर दे तुजा," वन्सं म्हणतात.

"कशाला?"

"ठरवाय नगं? माझ्या पदराला आता गाठ बसत न्हाई. बांधली की सुटतीया."

वन्संनी कधी अक्षर शिकलं नाही. मी पाटी घेऊन वर्गाला निघाले की म्हणायच्या, तुझं अक्षर पुसतंय, माझी गाठ ऱ्हातीया. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला गाठ मारायची. मिठाची एक, दळणाची एक, कुणाला टोमणा मारायचा राहिला असला तर त्याचीही एक. त्या डावखुऱ्या होत्या. त्यांची गाठ उलटी बसायची, दुसऱ्या कुणाला सुटायची नाही.

मी नाकावरचा पदर काढून देते. तंबाखूची धूळ घशात जाते, पण ठसका लागत नाही.

"ही गॉलची," वन्सं म्हणतात आणि गाठ मारतात.

पदर ताणला जातो आणि मी पुढे सरकते. आता आम्ही निपाणीच्या स्टँडवर आहोत. उन्हात एकच गाडी उभी आहे. इथल्या गाड्यांच्या पाट्या कानडीत असतात, त्या मला येत नाहीत. या गाडीची पाटी मराठीत आहे. मी सवयीने बोट उचलून वाचायला लागते.

बो. लं. को.

पुन्हा वाचते. बो, लं, को. अक्षरं धड आहेत, क्रम उलटा आहे.

"वन्सं, ही पाटी उलटी हाय."

"तू उलटी वाचतीयास. चढ."

"कंडक्टर कुटं हाय?"

"इकडं तिकीट लागत न्हाई," वन्सं म्हणतात आणि माझा पदर ओढतात.

गाडीत बाकी कुणी नाही. वन्सं मला खिडकीशी बसवतात आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसतात, म्हणजे उठायचं झालं तर मला त्यांच्यावरून जावं लागेल. गाडी सुटल्याचं कळत नाही. स्टँडवरचं रसवंतीचं गुऱ्हाळ मागे जातं आणि त्याच्या मागून समुद्र येतो. समुद्र उजव्या हाताला आहे. बेट डाव्या हाताला.

"वन्सं, आपण डावीकडनं चाललोय."

"मग? मी डावरीच हाय."

हे खरं आहे. महादेवाच्या देवळातसुद्धा त्या डावीकडून फिरायला लागायच्या आणि गुरव ओरडायचा, अहो बाई, उजवीकडनं! वन्सं म्हणायच्या, देव मधी हाय न्हवं? मग कुटनंबी फिरलं तर तितंच हाय की. मी हसायचे. आताही हसायला जाते, पण हसू ओठांशी येऊन थांबतं. वन्संचा हात माझ्या मनगटावर आहे आणि तो गार आहे, रांजणाखालच्या वाळूसारखा.

"ही सीतामाईची," त्या म्हणतात आणि दुसरी गाठ मारतात.

गाडी नाही. डोंगर आहे. वखारीतला तंबाखूचा ढीगच वाढून डोंगर झाला आहे आणि त्यावर चहाची झुडपं आली आहेत. वर एक लहान देऊळ दिसतं. दार बंद आहे.

"हितं बसली हुती ती," वन्सं म्हणतात. "परत गेल्यावर तिला एकानं तरी इचारलं का, बाई, बेट कसं हुतं? झाडं कसली हुती? सगळ्यांनी दुसरंच इचारलं."

"पण ती परत गेली," मी म्हणते.

वन्सं पटकन तिसरी गाठ मारतात. "ही कँडीची. बुद्धदेवाचा दात जपून ठेवलाय म्हणं तितं. थोराचा दातबी थोर. माझं समदं पडलं, कुणी इचारलं न्हाई."

पदराचं टोक आता त्यांच्या मुठीत गोळा झालं आहे. प्रत्येक गाठीला पदर आखूड होतो आणि मी त्यांच्या जवळ जाते. खांदा आवळतो. अजून एखाद-दुसरी गाठ बसली तर माझं तोंड त्यांच्या तोंडाला लागेल.

"वन्सं, परत यायची गाठ कुटं हाय?"

"कसली?"

"निपाणीची."

त्या पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघतात. "परत कशाला यायचं? हिंडायचं. घाई कुणाला हाय?"

आता पायांखाली वाळू आहे. वन्सं पुढे चालतात, मी मागे. माझा पदर त्यांच्या डाव्या हातात आहे, वासराचं दावं धरावं तसा. त्यांच्या खांद्यावर मडकं आहे. ते कधी आलं, मी बघितलं नाही. मडक्याला भोक आहे आणि त्यातून पाण्याची धार वाळूवर पडते. त्या ओल्या रेघेवरून मी चालते आहे. बेट डाव्या हाताला.

मग मला कळतं, हे मी कुठे पाहिलं आहे. आमच्यात बायकाही मसणवटीत जातात. वन्संना लेकरू नव्हतं, म्हणून माझ्या थोरल्यानं मडकं खांद्यावर घेतलं होतं आणि त्यांच्या चितेभोवती तो असाच फिरला होता. असाच, डावीकडून. माणसाला शेवटचं पोचवताना तसं फिरतात. तिथे मडकं फुटलं की मागे बघायचं नसतं.

मडक्यातलं पाणी खाली जातं आहे. आवाजावरून कळतं. भरल्या मडक्याचा आवाज जाड असतो, रित्याचा पातळ होत जातो.

मी पदराला हात घालते आणि गाठी सोडायला लागते. उजव्या हाताने ओढते तशी गाठ आणखी आवळते. मी डावा हात लावते. त्यांच्याच हाताने ओढावं लागतं, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. कँडी सुटते. सीतामाई सुटते.

"काय करतीयास?" वन्सं वळत नाहीत.

"सोडतीया."

"का? वैनी, तुजं हितं कोण ऱ्हायलंय? भाऊ गेला, मी गेले. खाटंवर पडून पंखा बगतीस नुसता. चल की. एकटीनं हिंडायला मजा येत न्हाई. कुणाला टोचून बोलू मी?"

त्यांचा आवाज फाटतो. मला वाटतं, जावं. खरंच वाटतं. वखारीत त्या समोर नसायच्या त्या दिवशी चाळणसुद्धा जड लागायची. पाऊल पुढे पडतं. मडक्याचा आवाज आता अगदी पातळ झाला आहे.

"वन्सं," मी म्हणते, "मला आत्ता कुटं वाचाय येतंय."

"म्हंजे?"

"म्हंजे गावांची नावं. दुकानांच्या पाट्या. पोरीनं नकाशावर लिवलंय ते. सगळं वाचायचं ऱ्हायलंय माझं. मी आत्ता न्हाई येत."

त्या थांबतात. धारही थांबते. मी शेवटची गाठ सोडते, गॉलची. पदर मोकळा होतो आणि वाऱ्यावर माझ्या तोंडावर येतो. पदराआडून मला फक्त त्यांचे पाय दिसतात. ते वळतात. मडकं खाली ठेवल्याचा आवाज येतो. ठेवल्याचा, फुटल्याचा नाही.

"आण हिकडं," वन्सं म्हणतात. चिडल्या की त्या नाकातून बोलतात, तसंच आताही. "चार अक्षरं आली तर लई शाणी झाली. नुसत्या वाचण्यानं माणूस घरी येतंय व्हय?"

त्या पदराचं टोक ओढून घेतात. मला ओढ बसत नाही. त्यांची बोटं भराभर चालतात.

"ही निपाणीची. सोडू नगंस. आनि उजवीकडनं जा, गुरव वराडतंय."

"तुमी?"

"मी हाय की. ऐकू येतंय का बग तितनं."

"आजी! आजी, ऊठ ना."

पंखा पंख्यासारखा फिरतो आहे. नकाशा खाटेखाली पडला आहे. दारात अक्षता उभी आहे, फोन छातीशी धरून. "त्याचाच फोन आहे. काय सांगू? हो की नाही?"

मी उठून बसते, नकाशा उचलते आणि बोट वरच्या गावांवर नेते. "हो सांग. पण म्हणावं, गाडी उजवीकडनं फिरव. आधी वर अनुराधापूर, मग पलीकडच्या कडेनं खाली. गॉल शेवटी."

"अगं, सगळे आधी गॉललाच जातात."

"जाऊ देत. आपण बेट उजव्या हाताला ठेवायचं."

ती फोनवर बोलते. तो माणूस काही कुरकुर करतो, मग ऐकतो. अक्षता फोन ठेवते, माझ्या शेजारी बसते आणि माझा पदर सारखा करायला घेते.

"ही गाठ कसली?"

मी बघते. पदराच्या टोकाला एकच गाठ आहे, बारीक, घट्ट. अक्षता नखाने ती सोडवायला जाते. ओढते, पुन्हा ओढते. "कसली उलटी बसलीय गं! आणखीच आवळतेय."

मी तिचा हात धरते.

"ऱ्हाऊ दे. आल्यावर सोडू."