वर्षभर न पडलेली वीज

माझी मुलगी उंच टॉवरांवर चढून अँटेना बसवते. सोबतचे लोक तिला खार म्हणतात. तिचा एक नेम आहे: लांब कुठे ढग गडगडला तरी हातातलं काम टाकून खाली. साहेबांची बोलणी खाते, पण त्या नेमाच्या जोरावर मला दोन घास गोड लागतात.

मागच्या वर्षी कंपनीनं वीज पडूच नये म्हणून एक यंत्र घेतलं. स्टीलच्या काट्यांचा भलामोठा ब्रश. टॉवरच्या टोकाला लावला की वीज म्हणे जवळ फिरकत नाही. मी इतकी हरखले की शेजारणीलाही सांगून आले.

खार हसली. "आई, तांब्याची पट्टी पडलेली वीज जमिनीत नेते, हे पटतं मला. पण हा ब्रश विजेला येऊ नको म्हणणार आणि ती ऐकणार? मी तर तुझंही ऐकत नाही!"

वर्षात टॉवरवर वीज काही पडली नाही. परवा यंत्र विकणारा गृहस्थ टॉवरखालच्या खोलीत ऐटीत येऊन बसला. साहेब खुशीत. त्यांनी फर्मानच काढलं, "आता गडगडलं तरी कुणी खाली यायचं नाही."

खारीनं विचारलं, "पण यंत्र चालतंय हे नक्की?"

"वर्षात एकदा तरी पडली का?" विक्रेता म्हणाला. "आणखी काय पुरावा हवा, ताई?"

"काही नको. फक्त जरा उठता?"

तो उठला. तिनं त्याच्याखालची गादी काढली, खालचं खोकं उघडलं. आत ब्रश! वरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. चढवायला जड, म्हणून आमच्या बाईसाहेब आज-उद्या करत राहिल्या होत्या.

साहेब लालबुंद. "म्हणजे वर्षभर तू..."

"कामचुकारपणा केला, मान्य. पण साहेब, हा खोक्यात बसून इतकी राखण करतोय, तर वर कशाला चढवायचा?"

विक्रेताही कच्चा नव्हता. "बघा, बंद खोक्यातून एवढा परिणाम!"

साहेबांनाही हसू आवरेना. फर्मान गेलं, शिक्षा मात्र राहिली: ब्रश उद्याच्या उद्या चढवायचा.

दुसऱ्या दिवशी ती निम्म्यावर पोचली आणि लांबवर गडगडलं. ब्रश तिथेच घट्ट बांधून खार सरसर खाली. बोलणी ऐकायच्या तयारीनं खोलीत शिरली, तर साहेब तिच्या आधीच आत पोचले होते.

"दार लाव आधी," ते म्हणाले.