आर्डिस हॉगन यांची उमेदवारी

आर्डिस हॉगन आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं होत्या. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे दुपारचं ताट त्यांच्याच हातून घ्यायचो. बाई कमी बोलायच्या, पण ताटात वाटाणे तसेच दिसले तर मास्तरांनाही सोडायच्या नाहीत.

त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोन मोठ्या पक्षांखेरीज एक तिसरा, फारसा कुणी न ऐकलेला पक्ष उतरत होता. त्यांचे उमेदवार थर्लो नावाचे निवृत्त प्राध्यापक. आमच्या मिनेसोटा राज्यात मतपत्रिकेवर नाव यायचं तर सह्यांचा अर्ज भरावा लागे आणि त्यात उपाध्यक्षपदाचं नावही लागे. ते त्यांचं ठरत नव्हतं. जुलैत आम्ही चर्चच्या तळघरात कॉफीला जमलो होतो, तेव्हा त्या पक्षाची एक कार्यकर्ती कागद घेऊन आर्डिसबाईंसमोर बसली.

"तात्पुरतं नाव हवंय हो. पुढच्या महिन्यात बदलून टाकू."

"माझं चालेल?"

"पस्तिशीच्या पुढच्या आहात ना? कायद्याने तेवढं लागतं."

"पस्तिशी दिसतेय का कुठे मागे?" बाई म्हणाल्या. त्यांनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला आणि सही केली. मग आपलं नाव ज्यावर आहे ते काम अर्धवट नको म्हणून आमच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एकशे चाळीस सह्या स्वतः फिरून आणल्या.

नाव काही बदललं नाही. उपाध्यक्षपदासाठी पक्षाने ठरवलेला वकील हो-नाही करत राहिला, मुदत उलटली आणि मतपत्रिका छापायला गेल्या. थर्लो यांच्या खाली आर्डिस हॉगन.

सप्टेंबरात शहरातून टीव्हीवाले आले. सगळा मोर्चा स्वयंपाकघरात. वार्ताहर म्हणाला, "मॅडम, पळी हातात धरून जरा हसा ना." बाई हसल्या. मग त्याने गमतीत विचारलं, "उद्या देश तुमच्या हाती आला तर पहिल्या दिवशी काय कराल?"

"बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांना काम येतं त्यांना बोलावून ऐकेन. आणि दुसऱ्या दिवशी, ज्यांना कुणी बोलावत नाही त्यांना."

मी तिथे ताट घेऊन उभा होतो, म्हणून हे मला ठाऊक. टीव्हीवर फक्त पळी आणि हसू आलं, मागे सर्कशीतली धून लावून.

त्यांचे यजमान ऑर्व्हल ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर ते धुसफुसत होते. "विदूषक केला तुझा त्यांनी."

"पळी माझीच होती. हसलेही मीच."

"आणि बोललीस ते?"

"ते त्यांनी ठेवून घेतलं."

त्यानंतर कुणी विचारलंही नाही. प्राध्यापकांनाही मोठ्या उमेदवारांच्या वादसभेला बोलावणं नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्यावर मात्र त्यांनी माघार घेतली आणि एका मोठ्या उमेदवाराला पाठिंबा दिला. त्या संध्याकाळी प्रत्येक वाहिनीवर तेच.

आर्डिसबाईंनी त्यांना फोन लावला. "सर, ज्यांनी सह्या दिल्या त्यांना कळवलंत का?"

"टीव्हीवर सांगितलं की, बाई."

"सह्या टीव्हीने नव्हत्या आणल्या."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की त्या निघायच्या. गाडी माझी, यादी त्यांची. एकशे चाळीस दारं. नायक्विस्ट नावाचे एक गवळी गोठ्यातच भेटले.

"म्हणजे आता तुला मत द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"मागायला नाही आले. तुम्ही माझ्यासमोर सही केली होती. ज्याच्यासाठी केली तो माणूस बाहेर पडला. नाव छापलेलंच राहणार. पुढे तुमची मर्जी."

"मला कळलं होतं टीव्हीवर."

"मग फेरी फुकट गेली माझी."

"फुकट कशी? टीव्हीवाला आला होता का शेणातून चालत?" म्हातारा म्हणाला. "चल, कॉफी घे. मास्तर, तुम्हीपण."

एका घराने दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी एक बाई उगाच चिडून बोलली. आर्डिसबाईंनी दोन्ही नावांपुढे सारखीच बारीक खूण केली आणि मला पुढचा रस्ता सांगितला.

निकालाच्या दिवशी टीव्हीच्या तक्त्यात त्यांचा पक्ष नव्हताच. 'इतर', एक टक्का. बाई दुसऱ्या दिवशी काउंटीच्या कचेरीत गेल्या आणि त्यांनी पूर्ण आकडे मागितले. आमच्या काउंटीत त्या ओळीला दोनशे अकरा मतं होती. परतताना त्या आकड्यांचा कागद पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

"आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"भीती वाटतेय, मास्तर. सह्या एकशे चाळीस होत्या. वरची एकाहत्तर माणसं कोण? प्राध्यापक तर केव्हाच बाहेर पडले. मग यांनी मत दिलं कुणाला?"

उत्तर त्यांना कळलेलंच होतं.

त्या आठवड्यात त्यांनी गावच्या साप्ताहिकात चार ओळींचं पत्र छापायला दिलं. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, प्राध्यापकांनी जे कबूल केलं त्यातलं मला काही करता येणार नाही, पण शाळेत किंवा काउंटीत कुणी तुमचं ऐकत नसेल तर शनिवारी दहा वाजता मी चर्चच्या तळघरात असते.

पहिल्या शनिवारी तिघं आले. एकाची तक्रार ओढ्यावरच्या मोडक्या पुलाची होती. बाईंनी ती उतरवून घेतली, काउंटी मंडळाच्या सभेत उभ्या राहून वाचली आणि पुढच्या सभेत पुन्हा वाचली. मंडळाचे अध्यक्ष वैतागून म्हणाले, "हॉगनबाई, तुम्ही निवडून आलेल्या नाहीत."

"नाही आले," बाई म्हणाल्या, "पण दोनशे अकरा आहेत."

शनिवारची ती बैठक त्यांनी गुडघे जाईपर्यंत, नऊ वर्षं चालवली. पूल तिसऱ्या वर्षी झाला.