शेजाऱ्यांचा हँडब्रेक

मीरा रोडच्या आमच्या इमारतीत कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या बोळात एकापुढे एक दोन गाड्या लागायच्या. आतली आमची, पुढची तळमजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांची. पाणी साचू नये म्हणून फरशीला गेटकडे उतार होता. पुढच्याने गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, चाकाखाली वीट सरकवायची, अशी पद्धत. आतल्याला निघायचं असलं की वीट काढून पुढची गाडी ढकलायची. हँडब्रेक तसेही कोणाचे धड नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आमच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचं काम काढलं. काशीमीऱ्याच्या गॅरेजात स्वतः उभी राहिले. ड्रमना आतून चरे पडले होते, ते बदलले. लायनर नवे घातले. शेवटी गाडीखालचा नट आवळून हँडब्रेकची केबल ताणली. कोणी काम करत असताना बाकावर बसून राहणं मला जमत नाही, त्यामुळे सगळं वाकून पाहिलं. घरी आल्यावर उतारावर गाडी उभी करून शेजाऱ्यांनाही दाखवलं. त्यांनी लगेच तिथेच जाऊन तेच काम करून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. भीतीने त्यांनी आधी दोनदा तारीख मोडली होती आणि आता डॉक्टर रागावले होते. त्या सकाळी त्या कशाबशा खाली उतरल्या. बोळात दार अर्धंच उघडायचं. त्यांना तिरकं करून मागे बसवलं, मी दाराच्या बाजूला शिरले आणि नवरा पुढची गाडी ढकलायला गेला.

गाडी हलेना. चाकाखाली वीट नव्हतीच. नव्या ब्रेकच्या भरवशावर शेजाऱ्यांनी हँडब्रेक ओढला होता आणि गाडी लॉक करून, किल्ली घेऊन कामावर गेले होते. घराला कुलूप. वॉचमनही येऊन ढकलू लागला. काही उपयोग नाही.

आमच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला टाकी, पुढे शेजाऱ्यांची डिकी. काच खाली केली तरी वारा येईना.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, निघतोय."

"मघापासून निघतोयच. मला उतरव. देवाच्याच मनात नाही."

"रिक्षा आणू का?" नवऱ्याने वाकून विचारलं.

मी नको म्हणून मान हलवली. मी उतरले की त्या उतरणार, आणि एकदा जिना चढल्या की पुन्हा खाली येणार नाहीत. त्यांनी माझा दंड धरून मला दाराकडे ढकलायला सुरुवातही केली होती. मी हलले नाही. काचेतून डोकं बाहेर काढलं.

"अहो, आपल्या पुढच्या सीटखालचा पाना घ्या. आधी त्यांच्या चाकांना विटा लावा, गेटच्या बाजूने. गाडी न्यूट्रलला आहे ना, काचेतून बघा. मग खाली शिरा. मधोमध केबलवर नट आहे, तो ढिला करा."

"तुला काय माहीत?"

"पाहिलाय मी. शिरा!"

"माझ्या लेकाला गाडीखाली घालतेयस?" सासूबाई ओरडल्या.

"विटा लावल्यात, आई."

"माझ्यासाठी त्याला काही झालं तर?"

"मग बघायला तरी डोळे नीट हवेत ना?"

गाडीखालून नवऱ्याचे फक्त इस्त्रीच्या पँटमधले पाय दिसत होते. पाना निसटला, शिवी आली, पुन्हा पाना लागला. मग तो काळा होऊन बाहेर आला, वॉचमनने विटा काढल्या आणि गाडी अलगद उतारावरून सरकली. आम्ही बाहेर पडलो. सासूबाईंनी दहिसरपर्यंत माझा दंड सोडला नाही.

ऑपरेशन होऊन त्या घरी आल्यावर शेजारी भेटायला आले. झालं ते मी त्यांना सांगितलं होतंच. ते ओशाळून म्हणाले, "भाभी, गलती हो गयी. कल ही ब्रेक फिर टाइट करवाता हूँ."

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांना सांग, सध्या ढिलाच राहू द्या. माझा दुसरा डोळा व्हायचाय."