रागातलं सेव्ह करायचं नाही

अमडापूरच्या बाजारात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मजकूर मी टाइप करते, छपाई नवरा बघतो, आणि एका गोष्टीवरून आमचं कधीच पटलेलं नाही. कॉम्प्युटरवरची फाइल बंद करताना चौकट येते ना, केलेले बदल सेव्ह करायचे का, तिथे नवरा डोळे मिटून 'हो' दाबतो. मी आधी गिऱ्हाइकाचं तोंड आठवते.

त्याचं म्हणणं, केलेलं काम वाया का घालवायचं? उलट न विचारताच सगळं सेव्ह करणारं नवीन सॉफ्टवेअर घेऊ म्हणून तो माझ्या मागे लागला होता. मी म्हटलं, "घ्या. पत्रिकाही तुमीच करा मंग." कारण त्याला पत्रिका छापताना दिसते, मला ती होताना दिसते. आमच्याकडे पत्रिकेत अख्खी भावकी बसवावी लागते, आणि लग्नघरात रुसवेफुगवे सुरू झाले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. "त्या जावयाचं नाव काढा!" मी त्यांच्यादेखत काढते. तेवढ्याने माणूस निम्मा थंड होतो. तो पायरी उतरला की मी फाइल सेव्ह न करता बंद करते. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून येतो, तेव्हा नाव जागच्या जागी असतं. या लबाडीचा मला भारी अभिमान होता.

गेल्या लग्नसराईत एका मुलीचे वडील असेच तणतणत आले. मंडप शेतात टाकायचा की मंगल कार्यालय घ्यायचं, यावरून धाकट्या भावाशी वाजलं होतं. "ताई, त्याचं नाव काढा. त्याच्या घरच्या साऱ्याइचंच काढा."

काढलं. सगळ्यात खाली त्या भावाच्या लहान मुलीची ओळ होती, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' तीही गेली. ते निघून गेले, तेवढ्यात मला शेजारच्या दुकानातून हाक आली आणि माझ्या खुर्चीत नवरा बसला. त्याने फाइल बंद केली. अर्थातच 'हो' दाबून.

संध्याकाळी वडील परत आले. आवाज पार उतरलेला. "ताई, भावाचं नका टाकू, पन पोरीची ओळ राहू द्या. तिनं काय केलं? साऱ्या गल्लीत म्हनत फिरून राह्यली ते."

मी ऐटीत फाइल उघडली. खाली कोरं.

वडिलांचा चेहरा पडला. "खरंच काढलं?"

"तुमीच सांगतलं ना, काका," नवरा म्हणाला.

"म्या सांगतलं. पन तुमी आयकलं काऊन?"

मला हसू आवरेना, आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटलं. मी मुलीची ओळ पुन्हा टाइप केली. त्यांनी ती स्क्रीनवर बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "आता बापाबिगर एकटी कशी येईन पोरगी? टाका त्याचंबी नाव."

टाकलं. फाइल बंद करायला गेले तर चौकट आली.

"काय इचारून राह्यलं हे?"

"आताचं ठेवायचं का आधीचं, असं इचारते."

"दर डाव इचारते?"

"हाव."

"बरं हाय लेकाचं," ते म्हणाले. "निंघतानी इचारते तरी. सकाळी मी घरून निंघालो तं मले कोनी काईच इचारलं नाई."

मी 'हो' दाबणार, तर त्यांनी हातानेच थांबवलं. पायरीवर जाऊन फोन लावला. "कुठी हायेस बे? पत्रिकेच्या दुकानावर ये. छापाच्या आधी एक डाव पाहून घे, तुह्या पोरीची ओळ बराबर हाय का."

नवऱ्याने नवीन सॉफ्टवेअरचा विषय त्या दिवशी काढला नाही. त्याने तीन चहा सांगितले, मग मागून ओरडून चार केले. भाऊ येईपर्यंत मी फाइल उघडीच ठेवली.