मास्तरांचं पोट, डॉक्टरांचा कोट

शिंपी मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आधी त्यांचं पोट आलं. ते पडद्याआडून निघालं, काउंटरला टेकलं, स्थिरावलं, आणि मग बऱ्याच वेळाने मागून मास्तर आले. मधल्या वेळात मी एखादी डुलकी काढली असती. त्यांनी गळ्यातली टेप माझ्याभोवती अशी टाकली की पळून जायचा विचारही मनात येऊ नये. छाती, कंबर, मांडी आवळून झाल्यावर उसासा टाकून म्हणाले, "साहेब, तुम्हाला वरूनच कापड कमी आलंय." मी उसवलेली पँट शिवून घ्यायला गेलो होतो. बाहेर पडलो तो अख्खा सूट शिवायला टाकून.

"सुखाचं पोट आहे," असं ते पोटावर थाप मारून सांगत. अधूनमधून स्वतःची पँट कमरेत वाढवत आणि दोष बायकोच्या स्वयंपाकाला देत. बायको म्हणे, "जेवतात चिमणीएवढं. वाढतंय कशाने कुणास ठाऊक." तिचं कुणी ऐकलं नाही. आम्ही गिऱ्हाइकं हसण्यात दंग.

पाठ मात्र दुखायची. त्यावर समोरचे डॉक्टर होते. जुने दोस्त, मास्तरांच्या आईच्या वेळेपासून घरचे डॉक्टर. ते तपासायची फी घेत नसत, मास्तर शिलाई घेत नसत, आणि आपणच समोरच्यावर उपकार करतोय असं दोघांनाही वाटे. मास्तर दवाखान्यात कधी गेलेच नाहीत. डॉक्टर कोटाच्या ट्रायलला आले की तिथेच तपासणी होई. डॉक्टर आरशासमोर दोन्ही हात पसरून उभे, मास्तर त्यांच्या काखेत टाचण्या खोचताहेत.

"डॉक्टर, पाठ फार धरते."

"धरणारच. मशीनवर वाकून बसतोस. पोट कमी कर. गोळ्या पाठवतो."

"डोकंही ठणकतं."

"चष्मा बदल."

हात पसरलेला डॉक्टर पोट दाबून बघणार कसा? रक्तदाब मोजणार कसा? मास्तर वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खात राहिले. लघवी लाल झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उष्णता. पाणी पी." तेही हात पसरूनच.

मग पाय इतके सुजले की चपला जाईनात. मास्तरांची लेक मुलांना पोहायला शिकवते. तिचं पाण्यात ऐकावं लागतं, तसंच जमिनीवरही. तिने वडिलांना दंडाला धरून किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सोनोग्राफी केली. "दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठीच गाठी आहेत. मुठीएवढ्या असायच्या त्या पपईएवढ्या झाल्यात."

"म्हणजे मी जाडा नाही?"

"नाही. तुम्ही सडपातळ आहात."

मास्तर क्षणभर खूश झाले. मग बाईंनी पुढचं सांगितलं. हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. रक्तदाब आधीपासून आटोक्यात ठेवायला हवा होता. आणि त्या गोळ्या तर अशा किडनीला द्यायच्याच नसतात. आता किडन्यांचं काम फार थोडं उरलंय.

"घरात आणखी कुणाला होता?"

"आई पोट फुगून गेली," मास्तर म्हणाले.

"तिला कोण बघत होतं?"

लेक बोलली. "तेच, गोळ्या देणारे."

काही दिवसांनी डॉक्टर नव्या कोटाच्या ट्रायलला आले. मी खुर्चीवर होतो, लेक कापडाच्या गठ्ठ्यावर. मास्तरांनी निवांत टाचण्या लावल्या आणि विचारलं, "आईच्या किडनीत गाठी होत्या?"

डॉक्टर वळू लागले.

"हलू नका. टोचेल."

"होत्या," डॉक्टर आरशाला म्हणाले. "तेव्हा त्यावर औषध नव्हतं."

"मला सांगितलं नाहीत."

"उगीच घाबरला असतास."

"आणि गोळ्या?"

"अरे, तूच मागायचास."

"तुम्हीही दर वेळी घट्ट बाही मागता, डॉक्टर. मी देतो का? हात वर होणार नाही म्हणून 'नाही' म्हणतो."

डॉक्टरांचे हात अजून पसरलेलेच होते.

"बाबा, टाचण्यांसकट जाऊ द्या यांना," लेक म्हणाली.

मास्तरांनी एकेक टाचणी काढली. कोट पुरा केला, इस्त्री केली, घडी घालून पोचवला. सोबत वैद्यकीय परिषदेला केलेल्या तक्रारीची प्रत होती.

सुनावणीला डॉक्टर तोच कोट घालून आले. मास्तर रबरी चपलांत, पाय लांब करून बसले होते. लेकीला कोपराने ढोसून म्हणाले, "खांदा बघ कसा बसलाय."

"बाबा, आपण त्यांच्या विरोधात आलोय."

"माहितीये. खांदा आपला आहे."

डॉक्टर म्हणाले, हा माणूस माझ्या दवाखान्यात कधी आलाच नाही. ते खरंच होतं.

परिषदेने त्यांना लेखी समज दिली. मास्तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. लेकीचीही तपासणी झाली. गाठी तिलाही आहेत, लवकर कळल्या. डॉक्टर आता तयार कपडे घेतात.