कोपनहेगनमध्ये अडकलेला फोटो

माझा भाऊ स्टेलान जन्मभर एकच धोरण सांभाळत आला: आपल्यामुळे कुणाला त्रास नको. एकदा पोटात कळा येत असताना दवाखान्यात नंबराची चिठ्ठी घेऊन तीन तास गप्प बसला. अपेंडिक्स फुटायचंच बाकी होतं. वर मलाच म्हणतो, "पण माझ्या आधी नऊ जण होते." माल्मोच्या वाचनालयात तो फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो आणि दरवर्षी वसंतात पाठीला सॅक लावून पंधरा दिवस पायी हिंडून येतो. ती लाल सॅक वीस वर्षांची, चार ठिकाणी ठिगळं. फेकून दे, असं सांगून माझं तोंड दुखलं.

यंदा तो परतताना कोपनहेगनला मुक्कामाला थांबला. समुद्रावरचा पूल ओलांडला की आमचं माल्मो, रेल्वेने पाऊण तास. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला त्याच्या मुलीची, तूवाची, शाळा कायमची संपणार होती. आमच्याकडे त्या दिवशी शेवटच्या वर्गाची मुलं पांढऱ्या टोप्या घालून दारातून धावत सुटतात, आणि अंगणात घरची माणसं त्यांचा लहानपणीचा फोटो काठीवर उंच धरून उभी असतात. तूवाची आई ती चार वर्षांची असताना गेली. फोटो धरणार बापच. फोटोत दोन वर्षांची तूवा त्याच लाल सॅकमध्ये बसलेली, नुसतं डोकं बाहेर. त्याची एकुलती एक प्रत हा शहाणा प्रवासात सोबत बाळगतो! पुठ्ठा आणि काठी तेवढी माझ्याकडे ठेवली होती.

सकाळी साडेआठला त्याचा फोन आला.

"बिर्गिता, पुलावरची विजेची तार तुटलीय. रेल्वे बंद आहे. बसच्या रांगेत उभा आहे."

"पुढे किती जण?"

"चारशे असतील."

"अरे, पुलावरून मोटारी जातायत ना? कुणालाही विचार, मला न्या म्हणून."

"अनोळखी माणसाला? असं कसं विचारायचं?"

"तोंडाने!"

साडेदहाला मीच फोन केला. रांग जेमतेम हलली होती, आणि याने एका बाईला आपल्या पुढे घेतलं होतं.

"तिच्याकडे बाळ होतं गं."

"तुझ्याकडेही आहे. ते एक वाजता दारात येईल आणि बापाला शोधत बसेल."

 यावर तो म्हणाला, "मी चालायला लागतो." त्यानंतर त्याचा फोन बंद.

पुढचं मला नंतर कळलं. अख्खं शहर ओलांडून, सायकलवाल्यांच्या शिव्या खात, तो पुलाच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर पोचला. वाटभर एकच वाक्य घोकत होता. पहिल्या दोन गाड्या त्याचं तोंड उघडेपर्यंत निघून गेल्या. तिसऱ्या गाडीची काच त्याने ठोठावली. फुलं पोचवणारी एक डॅनिश बाई होती.

"मला माल्मोला न्याल का? मुलगी वाट बघतेय."

"बस की! एवढं घाबरून काय विचारतोस? सॅक मांडीवर घे, मागे गुलाब आहेत."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी शाळेच्या अंगणात कोरा पुठ्ठा घेऊन उभी. चहूकडे गुबगुबीत बाळांचे फोटो. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचा फोटो?" "येतोय," म्हणताना मला रडू फुटलं.

एकचा ठोका पडला, दारं उघडली. पोरं ओरडत सुटली. तूवा मात्र पायरीवर थांबून शोधत राहिली. मी पुठ्ठा हलवला. मला बघून ती कसंनुसं हसली आणि पुन्हा गर्दीवरून नजर फिरवू लागली. स्टेलान तेव्हा समोर असता तर मी त्याला बदडलं असतं.

अचानक तिचा चेहरा पालटला. मी मागे वळले. फाटकापाशी, सगळ्या गर्दीच्या शेवटी, एक लाल सॅक दोन हातांवर उंच धरलेली होती. फोटो बाहेर काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"तूवा! मी इकडे आहे! जरा सरका हो, माझी मुलगी आहे ती!"

सगळं अंगण वळून बघत होतं. ओरडणारा माझा भाऊ होता.