बांधावरची माती

माती तपासायला द्यायची म्हणून दादा खुरपं आणि पिशवी घेऊन निघाला. माहेरी आलेली मी त्याच्या मागोमाग. उसाच्या रानात न शिरता तो बांधावरच्या कडुलिंबाखाली बसला आणि तिथलीच माती काढू लागला. काळीभोर, भुसभुशीत.

“अरे, ऊस काय बांधावर लावतोस?” मी म्हटलं.

“गप गं. रानातली दिली तर काय लिहून येईल, ते मला ठाऊक आहे.”

मला आई आठवली. घरात चार पायऱ्या चढताना धापा टाकणारी आई डॉक्टरांसमोर ताठ बसून ‘मला काही होत नाही’ म्हणायची. दुखणं सांगितलं नाही की ते नसतंच, ही आमच्या घराची जुनी समजूत. रानालाही आम्ही तसंच वागवलं. दरसाल ऊस, दरसाल जास्त खत, सऱ्या तुडुंब भरून पाणी. ते बिचारं बोललं नाही. त्याच्या अंगावर फक्त पांढरं मीठ फुटत गेलं.

खुरप्याबरोबर एक गांडूळ वर आलं. दादाने ते तळहातावर घेतलं आणि उसाच्या सरीत नेऊन सोडलं. त्याने इकडे तोंड खुपसून पाहिलं, तिकडे खुपसून पाहिलं. जमीन काही त्याला आत घेईना. ऊन चटके देत होतं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

शेवटी दादाने पिशवीतली सगळी माती त्या गांडुळावर ओतली. मग रिकामी पिशवी शेजारी ठेवून त्याने सरीत खुरपं मारलं.

फरशीवर मारावं तसा आवाज आला.